रेवडीचे काळेभोर डोळे

मधुकर उमाटे सावंगीला आमच्या शेजारच्या घरात राहायला आले, त्या दिवशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मीराताई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर झाकणाच्या टोपलीत मांजर होतं. खाली उतरल्यावर मीराताईंनी आधी मांजराची ओळख करून दिली, "ही रेवडी," आणि मग मागे गादी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याची.

मधूभाऊंनी आष्टी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत तीस वर्षं नेत्र सहायक म्हणून काम केलं होतं. डॉक्टर नव्हेत ते. चष्म्याचे नंबर काढायचे, डोळ्यांतला दाब मोजायचा, शिबिराला माणसं गोळा करायची आणि ऑपरेशन झालं की पट्टी सुटेपर्यंत त्यांच्यापाशी बसायचं. खेड्यापाड्यांत त्यांना कोणी उमाटे म्हणत नसे. डोळेवाले सर म्हणत. मीराताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलगी मैत्रेयी पुण्याला नोकरीला. ती दहावीत असताना तिघं गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेले होते, तेव्हा खाली रेवड्यांच्या दुकानाच्या फळीखाली हे पिल्लू सापडलं. पांढरं, आणि पाठीवर तीळ चिकटल्यासारखे बारीक ठिपके. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

रिटायर झाल्यावर मधूभाऊंवर एक गुंगी चढली. मला दुसरा शब्द सुचत नाही. जेवण झालं की ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत. झोपत नसत आणि जागेही नसत. हिवाळ्याचं ऊन त्यांच्या पायांवरून हळूहळू वर चढे, गुडघ्यांवर येई, मग उतरून जाई. एकदा मी विचारलं, काय बघता हो एवढं? ते म्हणाले, "डोळे. चेहरे नाई आठवत मले कोणाचे, पण डोळे आठवतात. रांगेनं बसून राहतात माह्यापुढं." आणि हसले. त्यांच्या मांडीवर रेवडी असायची. तिची आणि त्यांची गुंगी एकच वाटायची.

रेवडीत काहीतरी बदलतंय हे दिवाळीनंतर दिसू लागलं. ती पाणी फार पिऊ लागली. वाटीतलं संपवून बादलीवर चढायची, तुळशीच्या आळ्यातलं चाटायची, नळाखाली तोंड उघडं धरून बसायची. खायची नेहमीसारखंच, पण पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यावेत इतकी वाळली. जन्मभर स्वतःला चाटून लखलखीत ठेवणाऱ्या त्या मांजरीच्या कमरेवर केसांच्या गुठळ्या झाल्या. आणि तिचा आवाज बदलला. दुपारी, घर शांत झालं की मधल्या रिकाम्या खोलीत उभी राहून ती लांब हाक मारायची. म्याव नव्हतं ते. शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाला कोणी बोलवावं तसं होतं.

"कोणाले बोलावते बाप्पा हे?" मीराताई म्हणायच्या आणि स्वयंपाकघरातूनच ओ द्यायच्या, "आली वं, आली."

"वय झालं तिचं," मधूभाऊ खुर्चीतून म्हणायचे.

डिसेंबरात तिचे डोळे पालटले. रेवडीचे डोळे मुळात पिकल्या लिंबासारखे, त्यात काळी उभी रेघ. ती रेघ पसरत गेली आणि एका सकाळी सगळा डोळाच काळा झाला. काळाभोर, ओला, चमकणारा. मीराताईंनी मोबाइलवर मैत्रेयीला दाखवलं. मैत्रेयी पुण्याहून ओरडली, "आई, कसली गोड दिसते! परत पिल्लू झाली की ही." फोटो गेले, नातेवाइकांकडून लाल बदाम आले. मी स्वतः कुंपणावरून पाहिलं होतं आणि मलाही ते डोळे सुंदर वाटले होते. मधूभाऊ म्हणाले, "म्हातारपणी रूप आलं हिले." सहा दिवस सगळ्या घरानं त्या डोळ्यांचं कौतुक केलं.

सातव्या दिवशी, भर दुपारी, मधूभाऊ गच्चीवर संत्रं सोलत बसले होते. रेवडी समोर उन्हात. ऊन असं की पांढऱ्या गच्चीकडे माणसाला बघवत नव्हतं. एक चिमणी उतरली, रेवडीच्या पंजापासून हातभर अंतरावर नाचली, पडलेली बी उचलून उडाली. रेवडीनं मान वळवली, पण चिमणी उडून गेल्यावर, पंखांच्या आवाजाकडे. मधूभाऊंच्या हातातली फोड हातातच राहिली. एवढ्या उन्हात बाहुली धाग्याएवढी बारीक व्हायला हवी. रेवडीच्या बाहुल्या पूर्ण उघड्या होत्या आणि सूर्य सरळ त्यांच्यात जात होता.

त्यांनी तिच्या चेहऱ्यापुढे हात हलवला नाही. हाताचा वारा मिशांना कळतो. त्यांनी खाली जाऊन कापूस आणला, बोळा केला आणि तिच्या नाकासमोरून सोडला. आवाज न करता तो खाली आला. मांजर कधी अशा वस्तूवर झडप घातल्याशिवाय राहत नाही. रेवडी समोर बघत राहिली. त्यांनी दुसरा बोळा सोडला. मग तिसरा. मीराताई कपडे वाळत घालायला वर आल्या, तेव्हा मांजरीभोवती कापूस पसरला होता आणि नवरा गच्चीवर मांडी घालून बसला होता.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"हिले दिसत नाई मीरा," ते म्हणाले. "सहा दिवस झाले, हे आंधळी आहे."

कपाटात, स्वेटरांच्या मागे, डोळ्याच्या आत बघायची बॅटरी होती. निरोप समारंभात एका सर्जननं दिलेली, पेटीतून कधी बाहेर न आलेली. त्यांनी दुकानातून सेल आणले. खोलीची खिडकी शालीनं झाकली. मीराताईंनी रेवडीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि मधूभाऊ त्या काळ्याभोर डोळ्याच्या अगदी जवळ गेले, मांजरीचा श्वास गालावर येईल इतके.

त्यांनी नंतर मला सांगितलं ते असं. आत मागची भिंत दिसायला हवी होती, ती नव्हती. त्या जागी एक राखाडी, पातळ वस्त्र तरंगत होतं. त्यावर लाल रेषा होत्या, कुठे कुठे लाल ठिपके. रेवडीनं मान हलवली की ते वस्त्र घडी पडून पुन्हा उलगडायचं, कोणीतरी ओढणी वाळत घातली असावी आणि वारा मंद असावा तसं. किती वेळ पाहिलं हे त्यांना कळलं नाही. इतकं सुंदर काही खूप दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणाले, आणि लाज वाटली.

"पडदा सुटला," शेवटी ते म्हणाले. "दोनी डोळ्यांतला."

"काऊन सुटला?"

"माणसाचा असता तर बीपी म्हटलं असतं मी. मांजरीले बीपी राहते का, मले नाई माहीत."

मांजरीला बीपी असतं. वर्ध्याला सुरभी नावाची तरुण पशुवैद्य आहे, तिनं ते सांगितलं. तिनं मधूभाऊंचं सगळं ऐकून घेतलं, आत काय दिसलं ते दोनदा विचारलं आणि म्हणाली, "सर, लोक मांजर आणतात ते ती कशाला तरी धडकली म्हणून. पडदा बघून आलेले तुम्ही पहिलेच." नवजात बाळांना लावतात तो बीपीचा दोन बोटांएवढा पट्टा तिनं रेवडीच्या पुढच्या पायाला गुंडाळला. घाबरल्यानं आकडा चढतो म्हणून मीराताईंच्या मांडीवरच बसू दिलं, थांबून थांबून पाच वेळा मोजलं. वरचा आकडा दोनशेवीसच्या खाली आला नाही. रक्ताच्या तपासणीत कळलं की मूत्रपिंडं थकली आहेत. ते पाणी, ती वाळलेली पाठ, ती हाक, सगळं त्याच एका दोरीत बांधलेलं होतं.

औषधाचं नाव ऐकून मधूभाऊंनी खिशातून स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली. "हेच तर मी घेतो."

सुरभी हसली. "तुमची पाचची. हिला अडीचची आणा, आणि तिचाही चौथा तुकडा."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यापायी ते दोन दिवस झोपले नव्हते. "आमी पहिल्या दिवशी आणली असती तर?"

"तर कदाचित..." सुरभी पट्टा गुंडाळू लागली. "नक्की सांगता येत नाही, सर. कधी येतं थोडं परत. आपण औषध तर सुरू करू."

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तो त्यांनीच वापरला होता.

परतताना ऑटोत मीराताईंनी टोपलीच्या झाकणावर हात ठेवून विचारलं, "दिसन ना तिले परत?"

"दिसन," मधूभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दुपारी खुर्चीत बसल्यावर डोळ्यांची ती नेहमीची रांग त्यांच्यापुढे आली, पण आज पुढे एकच जोडी होती. त्या डोळ्यांचा चेहराही त्यांना आठवला आणि नावसुद्धा. भागीरथा. आष्टीजवळच्या खेड्यातली, तेव्हा पन्नाशीची. ती आली तेव्हा काचबिंदूनं दोन्ही डोळे खाऊन टाकले होते. कोणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं आणि समजावून सांगायचं काम मधूभाऊंवर सोपवलं. भागीरथेनं विचारलं, "दिसन ना सर?" शेजारी तिचा तरणा मुलगा, तोही त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मधूभाऊ म्हणाले, "दिसन. धीर धरा." मग दोन वर्षं ती बाजाराच्या दिवशी येऊन बाकावर बसत असे. ते तिच्या डोळ्यांत थेंब घालत आणि तेच वाक्य बोलत. पुढे ती यायची थांबली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी कधी चौकशी केली नाही. या गोष्टीला बारा वर्षं झाली होती.

औषधानं रेवडीत फरक पडला. दह्यात कालवलेला तो तुकडा ती मुकाट्यानं चाटायची. पंधरा दिवसांत तिची दुपारची हाक बंद झाली, सुरभीनं मोजलेला आकडा एकशेसाठवर आला. पण ती भिंतीला खेटून चालायची, खुर्चीच्या पायाला डोकं आपटायची आणि मग जिथे आपटलं तिथेच बसून राहायची. मीराताई रोज सकाळी तिच्यापुढे लोकरीचा धागा हलवायच्या. "पाह्यलं का? मान हलवली आज!" मधूभाऊ बघायचे. मान हलली होती, बांगड्यांच्या आवाजानं. मीराताई मुलीला फोनवर सांगायच्या, सुधारणा आहे. महिनाभर हे चाललं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी धागा हलत असतानाच मधूभाऊ उठले, पायजम्यावर स्वेटर चढवला आणि म्हणाले, "मी आष्टीले जाऊन येतो."

आर्वीला गाडी बदलली. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, आणि त्यांवर फुलांचा आंबिया बहार फुटलेला. एसटीच्या खिडक्या उघड्या होत्या. तो वास आत आला आणि गाडीतली माणसं बोलायची थांबली, की मधूभाऊंनाच ऐकू येईनासं झालं, हे त्यांना सांगता आलं नाही. पांढऱ्या फुलांच्या ओळी मागे जात होत्या. मधूभाऊंनी डोळे मिटले. वास तेवढाच राहिला, उलट वाढला. आपण कुठे उतरायचं हे डोळे मिटूनही कळेल असं त्यांना वाटलं, आणि खरंच वळणावर गाडी कलली तेव्हा ते उठून उभे होते.

भागीरथा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस सगळे पांढरे. बोटं इतकी झरझर चालत होती की दाणे सुपात पडल्याचा आवाज तुटत नव्हता. ते फाटकापाशी उभे राहिले.

"कोन हाये?"

"मी... दवाखान्यातला."

दाण्यांचा आवाज थांबला. "डोयेवाले सर! या ना. खाट हाये पाहा तुमच्या उजव्या हाताले."

ते खाटेवर बसले. तिनं पाणी आणलं, तांब्या काठोकाठ भरलेला, एक थेंब न सांडता. मग पुन्हा सूप पुढे ओढलं. मधूभाऊंना वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ते एकदम म्हणाले, "भागीरथाबाई, मी तुमाले खोटं सांगतलं होतं. तुमाले दिसणार नव्हतं. मले पह्यल्याच दिवशी माहीत होतं."

"मलेबी मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी 'दिसन' म्हनलं ना, तवाच तुमचा आवाज पडला होता."

"मंग दोन वर्षं काऊन येत होत्या?"

"पोरानं आयकलं होतं ना थे. मले चुलीपाशी जाऊ देईना, आडावर जाऊ देईना. म्हने, माय, दिसाले लागलं का मंग कर सारं. त्याले कसं सांगू? दोन वर्स मी या खाटीवर बसून काढले, सर. मंग एक दिवस थो वावरात गेला आन् म्या भिंत धरून चूल गाठली. हात पोयला. पन भाकर केली." तिनं शेंग मोडली. "तुमी खरं सांगतलं असतं तं मी दोन वर्स आगुदर उठली असती."

ती रागानं बोलली नव्हती, पण 'जाऊ द्या' असंही म्हणाली नाही. मधूभाऊ वाट बघत राहिले, आणि मग त्यांना कळलं की ती तसं म्हणणार नाही. अंगणापलीकडून बहराचा वास येत होता. दाणे सुपात पडत होते.

"आज काऊन आले?" तिनं विचारलं.

त्यांनी रेवडीचं सांगितलं. भागीरथा मोठ्यानं हसली. "मांजरीपायी आले का इतक्या दूर!" मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "तिले दुरून हाक नोका मारू. आवाज साऱ्या घरातून येते, मानूस भोवंडते. जवय जाऊन बोला. आन् खाली काहीतरी टाका. पान्यापाशी पोतं, दारापाशी दुसरं काई. पायाले समजलं का डोयाचं काम नाई पडत. वस्तू हालवू नोका मातर."

निघताना तिनं सुपातले दाणे त्यांच्या पिशवीत ओतले. नको म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे दिवे लागत होते. मीराताई ओट्यापाशी उभ्या होत्या. मधूभाऊंनी चपला काढायच्या आधी सांगितलं, "मीरा, रेवडीले नाई दिसणार. आपण धागा हलवणं बंद करू."

मीराताईंनी गॅस बंद केला. "मंग ऑटोत काऊन 'दिसन' म्हटलं तुम्ही?"

"मले नाई सांगता येत. कधीच नाई आलं."

"महिनाभर मी येड्यावानी..." दोन दिवस त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला कुंपणावरून दिसलं की मीराताई जुनं पोतं कापत बसल्या आहेत आणि मधूभाऊ टोक धरून आहेत.

पाण्यापाशी पोतं आलं. दारापाशी काथ्याचं पायपुसणं. निजायच्या जागी मऊ लुगडं, आणि तिच्या शी-शूच्या डब्याभोवती वर्तमानपत्रं, जी पायाखाली कुरकुर वाजत. पहिले काही दिवस रेवडी प्रत्येक कडेवर थबकायची. एक पंजा उचलायची, टेकवायची, विचार करायची. मग एके दिवशी ती भिंत सोडून खोलीच्या मधून चालत आली. पाण्यातून कोणी चालावं तशी हळू, मान किंचित वर, कान एकेक करून फिरवत. पोत्यावर पंजा पडला तशी वळली आणि वाटीपाशी बसून पाणी प्याली. घरात कोणी हललं नाही. मीही तेव्हा तिथेच होतो, चहाचा कप घेऊन.

मार्चमध्ये सुरभीनं पुन्हा डोळे पाहिले आणि मधूभाऊंनाही बघायला लावलं. उजव्या डोळ्यातलं ते तरंगणारं वस्त्र मागच्या भिंतीला जाऊन चिकटलं होतं. उजेड टाकला की बाहुली जराशी आवळत होती. मीराताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"उजेड आणि अंधार कळत असन," मधूभाऊ म्हणाले. "त्याच्या वर काई नाई. आपण दिसत नसू तिले."

"बरं," मीराताई म्हणाल्या.

ते वर्ष रेवडीनं चांगलं काढलं. मधूभाऊ दुपारी खुर्चीत कमी बसत आणि तिच्यामागे घरभर जास्त फिरत. दोनदा ते आष्टीकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं हे मी विचारलं नाही. पुढच्या जानेवारीत मूत्रपिंडांनी हात टेकले. सुरभी दोन दिवस घरी येऊन सलाइन लावून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी, मीराताईंचा हात पोटावर असताना, रेवडी गेली.

मैत्रेयीला असले निरोप नेहमी मीराताई देत. या वेळी मधूभाऊंनी फोन लावला. मी दारात उभा होतो, फावडं घेऊन.

"रेवडी गेली बेटा," ते म्हणाले. "आता, तासाभरापूर्वी."

मग मैत्रेयीनं विचारलं, "बाबा, त्रास झाला का तिला?"

मधूभाऊंनी भिंतीला हात लावला. "शेवटचे दोन दिवस झाला. आज नाई झाला."

ती रडू लागली. मधूभाऊ फोन कानाला धरून उभे राहिले. मीराताई आत टॉवेल शोधत होत्या.

"बाबा, ठेवू नका ना फोन."

"नाई ठेवत," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.